सूर्यावरील सक्रिय प्रदेशांची रेडिओ व्यतिकरणमिती

एकमेकींपासून दूर ठेवलेल्या अँटेनांनी सूर्याच्या रेडिओ लहरी एकाच वेळी टिपायच्या, त्या परस्परांशी ताडायच्या आणि सौरडागांच्या, म्हणजे सूर्यावरील सक्रिय प्रदेशांच्या, माथ्यावर काय चालले आहे याचा नकाशा काढायचा, अशी ही व्यतिकरणमितीची पद्धत आहे. श्रावणात नाशिकला सूर्य कित्येक दिवस दिसत नाही, तरी मीटरभर लांबीच्या या लहरी ढगांतून सहज पार होतात. महाराष्ट्रातली तिची दोन ठिकाणे नाशिककरांच्या नेहमीच्या वाटांवर आहेत: मुंबईच्या रेल्वेमार्गावरचे कल्याण, जेथे ती एके काळी चाले, आणि पुणे रस्त्यावर नारायणगावजवळचे खोडद.

पद्धतीचे मर्म कल्याणवरून चांगले कळते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी 1965 मध्ये तेथे ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या 32 अँटेना-तबकड्या उभ्या केल्या, प्रत्येकी जेमतेम 1.8 मीटर व्यासाची. 610 मेगाहर्ट्‌झला अशा एकट्या तबकडीची नजर सुमारे 15 अंश फाकते; तेवढ्यात तीसेक सूर्य ओळीने मावतील. मग डाग कोठे आहे हे तिला कळावे कसे? त्यातल्या 24 तबकड्या पूर्व-पश्चिम 630 मीटरांवर मांडल्या, तेव्हा सूर्यबिंबाचा साधारण बारावा हिस्सा वेगळा ओळखता येऊ लागला. गोदाघाटावर संथ पाण्यात दोन खडे टाकून पाहावे. वलये भिडतात तेथे पाणी कुठे उचलले जाते, कुठे निपचित राहते. खड्यांतले अंतर वाढवले की हे पट्टे बारीक होतात. अँटेनांचेही तसेच: पट्टे बारीक, तशी त्यांची नजरही बारीक.

1946 मध्ये सिडनीच्या समुद्रकड्यावर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ रुबी पेन-स्कॉट आणि सहकाऱ्यांनी एकाच अँटेनावर काम भागवले. उगवत्या सूर्याची समुद्रावरून परावर्तित झालेली लहर हीच त्यांची दुसरी अँटेना! रेडिओ लहरींचा उगम डागांच्या समूहापाशी असल्याचे त्यांनी दाखवले.

खरी मोलाची गोष्ट चुंबकीय क्षेत्राची. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात. क्षेत्राच्या दर गाउसला (गाउस हे त्याचे एकक) त्या सेकंदाला सुमारे 28 लाख होतात. डागांवरच्या तप्त प्रभामंडलातून, म्हणजे सूर्याच्या विरळ बाह्य वातावरणातून, बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे प्रारण येते. म्हणून 5,000 मेगाहर्ट्‌झला तिसऱ्या पटीचे प्रारण दिसले, तर तेथे साधारण 600 गाउस क्षेत्र आहे असे समजते. प्रभामंडलातले क्षेत्र इतक्या थेट मोजण्याचे मार्ग फार थोडे आहेत.

खोडदच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, द्राक्षमांडवासारख्या तारा ताणलेल्या, 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. सूर्याचा संकेत इतका जोरकस की तो आधी मुद्दाम क्षीण करावा लागतो. सक्रिय प्रदेशांवर तासन्‌तास, कधी कित्येक दिवस चालणारी रेडिओ वादळे येथून बारकाईने पाहिली गेली. मात्र प्रभामंडलातला खळबळता वायू लहरी विखुरतो, त्यामुळे उगम मुळात कितीही लहान असला तरी फुगलेलाच दिसतो.