औषधाचा विषारीपणा आधीच ओळखण्याची धडपड

1993 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बीच्या 15 रुग्णांना फियालुरिडिन हे नवं औषध दिलं जात होतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत यकृताला धोका दिसला नव्हता. काही आठवड्यांनी एका रुग्णाचं यकृत बिघडलं आणि जूनमध्ये चाचणी तातडीने बंद केली. पण औषध थांबवलं तरी बिघाड थांबेना. 7 जणांचं यकृत निकामी झालं, 5 जण दगावले, दोघे प्रत्यारोपणामुळे वाचले. कारण नंतर उमगलं: माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत) हे औषध आत ओढून घेणारं प्रथिन असतं. उंदराच्या मायटोकॉन्ड्रियात ते नसतं, म्हणून उंदराला औषध सोसलं.

मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या माहितीवरून आपलं आपण शिकणाऱ्या संगणकाने, विषारीपणाचं भाकीत करायचं, ही आजची धडपड मला या 15 जणांपासून वेगळी काढता येत नाही.

बाजारात येण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा, हा अमेरिकेतला नियमही मृत्यूंनंतरच आला. 1937 मध्ये सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकलं गेलं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं होती. 1938 मध्ये कायदा झाला. (हेच विष 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून आलं आणि 14 रुग्णांचा बळी गेला. रेणूची रचना वाचणाऱ्या संगणकीय मॉडेलला बाटलीतली भेसळ कळणार नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.)

रेणूच्या रचनेवरून त्याचा परिणाम आकड्यांत मांडण्याचा पाया कॅलिफोर्नियात कॉर्विन हॅन्श यांनी 1960च्या दशकात घातला. रेणू तेलात किती उतरतो आणि पाण्यात किती, हे त्यांच्या समीकरणातलं कळीचं माप. 1973 मध्ये ब्रूस एम्स यांची जिवाणूंवरची चाचणी आली. वाढीला लागणारं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू बशीत घालायचे, त्यात रसायन मिसळायचं आणि वसाहती मोजायच्या. नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त उगवल्या, म्हणजे डीएनए बदलून जिवाणू पुन्हा हिस्टिडिन बनवू लागले, तर रसायन डीएनए बिघडवतं. अशा हजारो बशांचे निकाल साठत गेले आणि पुढे संगणकाला शिकवायला तेच कामी आले. मधल्या काळात तज्ज्ञांनी हाताने लिहिलेल्या नियमांवर चालणारे प्रोग्रॅमही वापरात आले.

मोठं वळण 2014चं. टॉक्स21 या अमेरिकी सरकारी उपक्रमात यंत्रमानव सुमारे 10 हजार रसायनं पेशींवर तपासत होते. त्यातली माहिती खुली करून 12 चाचण्यांचे निकाल वर्तवण्याची स्पर्धा ठेवली गेली. ऑस्ट्रियातल्या लिंत्स विद्यापीठाच्या डीप लर्निंगने, म्हणजे अनेक थरांच्या कृत्रिम चेताजाळ्याने, बाजी मारली. मला त्यातलं एक निरीक्षण फार मोलाचं वाटतं: रसायनशास्त्रज्ञांनी आधीच विषारी म्हणून नोंदवलेले रेणूंचे तुकडे त्या जाळ्याने, कुणी न शिकवता, आपले आपण हेरले होते.

कायदेही बदलले. प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये काढली. भारतानेही 2023 मध्ये नियम बदलून संगणकीय पद्धतींना वाट करून दिली. तरी यकृताला होणारा धोका आधी ओळखणं अजून अवघडच आहे. विषारी ठरून सोडून दिलेल्या रेणूंची बरीचशी माहिती कंपन्यांच्या कपाटांत पडून राहते, आणि मॉडेलला नेमकी तीच हवी असते. ती खुली व्हायलाच हवी.

फियालुरिडिनचे आकडे मात्र खुले आहेत. 2014 मध्ये मानवी यकृतपेशी वाढवलेल्या उंदरांना ते दिलं, तेव्हा त्यांचं यकृत बिघडलं. यकृताचा विषारीपणा ओळखण्याची नवी पद्धत पारखताना आजही अनेकदा तेच औषध पुन्हा काढलं जातं.