‘नुसती गाडीच पेटलीय’

अग्निशमन दलाला वर्दी (आगीची खबर) बहुधा अशी येते: “एक्सप्रेस वेवर गाडी पेटलीय, माणसं बाहेर आलीत.” बंबात बसलेल्या जवानांच्या मनावरचा ताण तिथेच निम्मा उतरतो. इमारत नाही, जिना नाही, आत कुणी अडकलेलं नाही. जायचं, पाणी मारायचं आणि परत यायचं. मग बी.ए. सेटचा (पाठीवरच्या हवेच्या बाटलीवर चालणाऱ्या श्वसनयंत्राचा) मास्क तोंडावर चढत नाही, रस्त्यावर लावायचे कोन लॉकरमध्येच राहतात आणि नोझल घेतलेला जवान थेट बॉनेटसमोर जाऊन उभा राहतो. या तिन्ही चुका एकाच समजुतीतून होतात. ती समजूत म्हणजे आग लहान, तेव्हा धोकाही लहान.

मुळात ती आग लहान नसते. पूर्ण पेटलेली साधी मोटार ऐन भरात तीन ते पाच मेगावॉट उष्णता बाहेर टाकते. घरातला दोन किलोवॉटचा गीझर डोळ्यांसमोर आणा. असे दोन हजार गीझर एकाच वेळी चालू केले तर चार मेगावॉट होतात. तरीही जवानाला मारणारी गोष्ट बहुतेक वेळा ही ज्वाळा नसते. मागून येणारा ट्रक, छातीत जाणारा धूर आणि पत्र्याआड दाबाखाली कोंडलेल्या वस्तू यांच्यापासून जास्त भीती असते. आणि माणसं बाहेर असतील तर त्या गाडीत वाचवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. डॅशबोर्ड पेटला की ती गाडी विम्याच्या दृष्टीने संपलेलीच असते. भंगारात जाणाऱ्या पत्र्यासाठी जवानाच्या अंगाला धोका का पत्करायचा, हा प्रश्न बंबातून उतरण्याआधीच विचारायला हवा.

उतरण्याआधीची पहिली चूक बंब उभा करण्यात होते. ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला साधारण 28 मीटर अंतर कापते. चालकाला समोरचं दृश्य समजून ब्रेकवर पाय टाकायला दोन सेकंद लागले तर 55 मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी 50-60 मीटर जातात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी शंभर-सव्वाशे मीटर हवेत. पावसात, धुरात किंवा मागे भरलेला ट्रेलर असेल तर हा हिशेब कुठल्या कुठे जातो. जळत्या गाडीच्या मागे वीस मीटरवर चार कोन लावणं म्हणून निरुपयोगी असतं. पहिला कोन किमान दीडशे मीटर मागे हवा. वळण असेल तर तो वळणाच्या अलीकडे हवा, म्हणजे चालकाला धोका दिसण्याआधी कोन दिसेल.

बंब जळत्या गाडीच्या मागे, म्हणजे वाहतूक ज्या बाजूने येते त्या बाजूला, तिरका उभा करतात. जळत्या गाडीची मार्गिका आणि शेजारची एक मार्गिका त्याने अडली पाहिजे. पुढची चाकं जवान काम करतात त्या दिशेपासून वळवून ठेवायची, म्हणजे मागून धडक बसलीच तर बंब जवानांवर न जाता बाजूला ढकलला जाईल. उतरायचं ते वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दारातून. एक जवान फक्त वाहतुकीकडे तोंड करून, शिट्टी तोंडात धरून उभा राहतो. आगीकडे पाहण्याचा मोह त्याने आवरायचा असतो आणि हे काम दिसतं त्यापेक्षा कठीण आहे.

सपाट रस्त्यावर एवढं पुरतं. घाटात याच नियमातून पेच उभा राहतो. पेटलेल्या गाडीपासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चढाच्या वरच्या बाजूला थांबावं, असं अग्निशमनाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून शिकवतात, कारण सांडलेलं इंधन उताराकडे वाहतं. बोरघाट उतरणाऱ्या, म्हणजे पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मार्गिकेत दोन्ही नियम जुळतात. वाहतूक वरून येते, बंबही वरच थांबतो. मुंबईहून पुण्याकडे चढताना मात्र वाहतूक खालून येते. तिला अडवायचं म्हणून बंब गाडीच्या मागे लावला, तर तो आपोआप गाडीच्या खालच्या अंगाला येतो. जळतं पेट्रोल त्याच्याकडे वाहत येतं आणि गाडीसुद्धा.

हो, गाडीसुद्धा. हँडब्रेकच्या केबलचं आवरण जळतं, ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या फुटतात, गिअर न्यूट्रलला असेल तर गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. गिअरमध्ये असली तरी भरवसा नाही. वायरिंग जळून शॉर्ट झालं की स्टार्टर मोटर आपसूक फिरू लागते आणि चालक नसलेली गाडी हिसके देत सरकते. हे ओळखून चढाच्या मार्गिकेत बंब किमान 30 मीटर मागे आणि गाडीच्या सरळ रेषेतून हटवून उभा करतात. गाडी आणि बंब यांच्यामध्ये रस्त्यावर वाळूचा किंवा मातीचा आडवा बांध घालतात. गस्तीची गाडी किंवा क्रेन आलेली असेल तर खालची वाहतूक तिने अडवावी आणि बंबाने बाजूने पुढे जाऊन वर थांबावं, हे सर्वांत चांगलं. चाकाला ओट (चाक अडवणारा ठोकळा) लावायचं काम ज्वाळा त्या टोकाला दबल्यावर, बाजूने जाऊन करायचं. उताराच्या अंगाला चाकामागे वाकलेला जवान ही घाटातली फार महागात पडणारी चूक आहे.

वाहत्या आगीचा पल्ला किती जातो, हे 13 जून 2023 रोजी लोणावळा-खंडाळा परिसरात दिसलं. कुणे गावाजवळच्या पुलावर ज्वालाग्राही द्रवाचा टँकर उलटला, पेटला आणि जळतं द्रव पुलावरून खाली ओघळलं. चार जणांचा जीव गेला. त्यांत पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारी माणसंही होती, त्यांचा वरच्या अपघाताशी काहीही संबंध नव्हता. पुलावर आग लागली की खालचा रस्ता, नाला आणि मोरी हाही घटनास्थळाचाच भाग असतो. तिथे माणूस पाठवून रस्ता बंद करणं हे पाणी सुरू करण्याइतकंच तातडीचं आहे.

आता गाडीजवळ जाण्याबद्दल. समोरून बॉनेटकडे किंवा मागून डिकीकडे सरळ चालत जाणं चूक आहे. गाडीच्या कोपऱ्याकडे, साधारण 45 अंशांतून यायचं. याचं कारण डिकीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या नळकांड्यांत आहे. हॅचबॅक किंवा एसयूव्हीचं मागचं दार उघडलं की आपोआप वर उचलणारे ते गॅस स्ट्रट. त्यांच्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो. आगीत तापला की दाब वाढतो, टोकाची जोडणी सैल पडते आणि आतला पोलादी दांडा भाल्यासारखा सुटतो. तो दांड्याच्या रेषेत सुटतो, म्हणून त्या रेषेत उभं राहायचं नाही. काही गाड्यांत बॉनेटखालीही असे स्ट्रट असतात. छताच्या कडेला असलेल्या पडदा-एअरबॅगचे दाबाचे सिलिंडर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर या सगळ्यांची वागणूक याच जातीची. ट्रकच्या टायरात तर आठ बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) आसपास हवा असते. ज्वाळा विझल्यावरही आतलं रबर तापून वायू सोडत राहतं आणि तो टायर काही मिनिटांनी फुटतो. तापलेल्या टायरच्या रिमसमोर उभं राहायचं नाही, पाणी मारायचं ते टायरच्या पुढच्या किंवा मागच्या अंगाने, लांबून.

पहिले काही सेकंद दहा-बारा मीटरवरून सरळ धार मारून चाकं, गाडीचा तळ आणि टाकीची जागा थंड करायची. बहुतेक नव्या मोटारींची पेट्रोलची टाकी प्लास्टिकची असते. ती सहसा सिनेमातल्यासारखी फुटत नाही, मऊ होऊन खाली लोंबते आणि सगळं पेट्रोल एकदम रस्त्यावर सोडते. जवळ गेल्यावर धार फवाऱ्यात बदलायची. बॉनेटखालच्या आगीत तर घाईला जागाच नाही. बॉनेट एका झटक्यात उचललं की आत कोंडलेल्या आगीला हवा मिळते आणि भडका थेट चेहऱ्यावर येतो. आधी ग्रिलमधून, चाकाच्या कमानीतून पाणी आत घालायचं, मग पहारीने कोपऱ्यात बोटभर फट पाडून तिथून नोझल लावायचं. काळा धूर जाऊन पांढरी वाफ दिसू लागली की मगच झाकण उघडायचं. पाणी पडताच एखाद्या जागी डोळे दिपवणारा पांढरा भडका उडाला तर तिथे मॅग्नेशियम आहे असं समजा. काही गाड्यांचा स्टेअरिंगचा सांगाडा किंवा डॅशबोर्डमागची तुळई त्या धातूची असते. तेव्हा मागे सरकून लांबून भरपूर पाणी मारायचं किंवा तेवढा भाग जळू द्यायचा.

धुराबद्दल जास्त काळजी वाटते, कारण ती चूक त्या दिवशी दुखत नाही. ‘उघड्यावरची आग आहे, वारा आहे’ म्हणून मास्क बंबात राहतो. सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो, तो जळताना हायड्रोजन सायनाइड सोडतो. वायरींच्या पीव्हीसी आवरणातून हायड्रोजन क्लोराइड येतो. एसीतला गॅस गरम धातूला लागला की हायड्रोजन फ्लोराइड बनतो, तो फुप्फुसाला आणि हाडांनाही सोडत नाही. कार्बन मोनॉक्साइड असतोच. बी.ए. सेटच्या सहा लिटरच्या बाटलीत 300 बारला 1800 लिटर हवा मावते. काम करणारा माणूस मिनिटाला 40 लिटर हवा वापरतो असं धरलं तर 45 मिनिटं झाली. राखीव हवा आणि जास्त दमणूक वजा केली तरी अर्धा तास हाताशी राहतो. साधी मोटार विझवायला, थंड करायला आणि तपासायला एवढा वेळ सहज पुरतो. म्हणजे मास्क काढण्याचं तांत्रिक कारणच नाही. तरी तो ज्वाळा गेल्याबरोबर उतरतो आणि मग सीट उलथणं, कोळसे शोधणं हे सगळ्यांत विषारी धुराचं काम उघड्या तोंडाने होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमन जवानाचा व्यवसायच माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. म्हणून हा मास्कचा प्रश्न गंभीर आहे.

पेटलेली गाडी कशावर चालते, हे ओळखण्यात दोन फसव्या खुणा आहेत. काचेवरचा फिकट निळा स्टिकर पेट्रोलला असतो आणि सीएनजीलाही तोच असतो, त्यामुळे निळा दिसला म्हणून डिकीत सीएनजीची टाकी नाही असं धरू नये. हिरवी नंबरप्लेट पूर्ण बॅटरीवरच्या गाडीला मिळते. हायब्रिड गाडीला मात्र पांढरीच प्लेट असते आणि तिच्यातही धोकादायक व्होल्टेजची बॅटरी असते. चालक शेजारी उभा असेल तर त्यालाच विचारणं सर्वांत पक्कं. ट्रक असेल तर बिल्टी मागून माल कोणता ते पाहावं.

सीएनजीच्या टाकीत गॅस 200 बारला भरलेला असतो. वाल्वमध्ये सुमारे 110 अंशांना वितळणारा एक प्लग असतो. तो वितळला की गॅस ठरवून दिलेल्या वाटेने बाहेर पडतो आणि मोठा आवाज करत काही मीटर लांबीची जळती धार निघते. दृश्य भयानक असतं, पण टाकी स्वतःला वाचवत असते. ही धार विझवायची नाही. आसपासचं थंड ठेवायचं आणि टाकी रिकामी होऊ द्यायची. इथे चांगल्या हेतूने एक चूक होते. टाकी थंड करायची म्हणून जवान वाल्ववरच पाणी मारत राहतो. प्लग थंड राहतो, वितळत नाही. त्याच वेळी टाकीचं दुसरं टोक सीटच्या आगीत भाजत असतं. आत दाब चढतो, बाहेर पोलाद कमजोर होतं आणि मग टाकीच फाटते. पाणी टाकीखालच्या आगीवर मारायचं. ज्वाळा बराच वेळ टाकीला वेढून बसल्या असतील तर जवळच जायचं नाही. दर तीन वर्षांनी होणारी दाबाची तपासणी या टाकीची झाली होती की नाही, हे रस्त्यावर कुणालाही कळत नाही. म्हणून टाकी कमकुवतच आहे असं धरून चालावं.

बॅटरीच्या गाडीत अडचण पाणी पोचण्याची असते. जमिनीलगतचा बॅटरीचा डबा पाणी आत जाऊ नये म्हणूनच घट्ट बंद केलेला असतो, त्यामुळे वरून मारलेलं पाणी आतल्या पेटलेल्या सेलपर्यंत जात नाही. टेस्लाच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत तीन ते आठ हजार गॅलन, म्हणजे साधारण 11 ते 30 हजार लिटर पाणी लागू शकतं असं लिहिलं आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या बंबात 4500 लिटर असतं. घाटात हायड्रंट (बंबात पाणी भरायचा रस्त्याकडेचा नळ) नाही. तेव्हा वर्दीतच ‘इलेक्ट्रिक’ हा शब्द आला तर पाण्याचे टँकर त्याच क्षणी मागवायचे, तिथे पोचून परिस्थिती पाहू म्हणायचं नाही. गाडीच्या तळातून पांढरा, जमिनीलगत रेंगाळणारा ढग येत असेल तर तो वाफ समजू नका. त्यात हायड्रोजन आणि ज्वालाग्राही वायू असतात, ठिणगी मिळाली की तो ढगच पेटतो. नारिंगी केबल धोकादायक व्होल्टेजच्या असतात, त्या कापायच्या नाहीत.

टँकरवर चार आकडी क्रमांकाची पाटी असते: 1203 पेट्रोल, 1202 डिझेल, 1075 एलपीजी, 1170 इथेनॉल. ती दुर्बिणीतून, लांबूनच वाचायची. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात 1170 हा क्रमांक पाठ हवा. इथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, आणि पेट्रोलच्या आगीवर मारायचा साधा फोम (आग विझवणारा फेस) त्याच्यावर टिकत नाही, विरघळून जातो. त्याला अल्कोहोल-रोधक फोमच लागतो. एलपीजीचा टँकर आगीत असेल तर चहूबाजूंनी 1600 मीटर मोकळं करायला सांगितलं जातं, आणि तिथे पहिल्या बंबाचं मुख्य काम लोकांना हटवणं हे आहे.

आग विझल्यावर बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. तरी न उडालेल्या एअरबॅगसमोर डोकं घालू नये, तिच्यातला साठलेला विद्युतभार काही मिनिटं टिकतो. हातमोजे, हेल्मेट आणि सूट घटनास्थळीच पाण्याने धुऊन, पिशवीत बांधून बंबाच्या बाहेरच्या लॉकरमध्ये टाकायचे. काजळी लागलेला सूट घालून केबिनमध्ये बसलं की तोच धूर परतीच्या वाटेवर हुंगला जातो. बॅटरीची गाडी असेल तर क्रेनवाल्याला आणि पोलिस ठाण्याला स्पष्ट सांगावं: ही गाडी इतर वाहनांपासून आणि भिंतींपासून किमान 15 मीटर लांब, उघड्यावर ठेवा. ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते.