टुंड्रातली मुले निवासी शाळेत कशी गेली

ऑगस्ट सरता सरता वायव्य सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पावर एमआय-8 हेलिकॉप्टरे मुक्कामामुक्कामाला उतरतात आणि सात वर्षांपुढच्या नेनेत्स (रेनडिअर पाळणारा इथला भटका समाज) मुलांना यार-सालेसारख्या गावातल्या निवासी शाळेत नेतात. रेनडिअरचे कळप तेव्हा उत्तरेला असतात, गाव शेकडो किलोमीटर दक्षिणेला. मधे रस्ता नाही.

सुरुवातीला शाळाच टुंड्रात जात होती. 1924 मध्ये मॉस्कोत उत्तरेकडच्या जमातींसाठी स्थापन झालेल्या सोव्हिएत 'उत्तर समिती'च्या काळात 'लाल चूम' (चूम म्हणजे भटक्यांचा राहता तंबू) कळपांमागे फिरत. त्यात औषधपाणी, साक्षरता आणि प्रचार एकत्रच चाले. 1932 मध्ये नेनेत्स भाषेचे पहिले बालपुस्तक लॅटिन लिपीत निघाले, आणि पाचच वर्षांत लिपी बदलून सिरिलिक झाली. पण फिरता शिक्षक महागात पडतो आणि टिकत नाही. शिवाय सामूहिकीकरण, म्हणजे खासगी कळप सामूहिक मालकीत घेणे, करायचे तर माणसे एका जागी हवीत. म्हणून 'सांस्कृतिक तळ' उभे राहिले आणि तळाला लागून वसतिगृहे.

पालकांनी हे निमूट मान्य केले नाही. शेजारच्या कझीम भागात 1931 मध्ये खांती या स्थानिक जमातीच्या मुलांना शाळेत आणल्यावर आजाराची साथ आली आणि आईबापांनी मुले परत नेली. 1933-34 च्या तिथल्या उठावामागे ही सक्तीही होती. यमालवर नेनेत्सांच्या 1934 च्या 'मंडलाडा' बंडातही मुलांना शाळेत धाडणार नाही, ही एक मागणी होती. दोन्ही बंडे चिरडली गेली. पुढे शिकवण्याची भाषा रशियन झाली. रशियनचा गंध नसलेल्या मुलांसाठी पहिलीआधी 'शून्य वर्ग' भरू लागला.

खरे नुकसान वेळापत्रकात आहे. शरद ऋतूत रेनडिअरचा माज, नव्या नरांना गाडीला जुंपणे, मग कत्तलीचा हंगाम: कळप ओळखायला शिकण्याचे हेच महिने, आणि नेमकी तेव्हाच शाळा. कातड्याचा विणलेला फास, तिंझ्यान, धावत्या जनावरावर टाकायला हात रोज लागतो. सुट्टीपुरता सराव पुरत नाही. मुलींचे तसेच. रेनडिअरच्या पायाच्या कातड्याचे बूट त्याच्याच कंडरेच्या दोऱ्याने शिवायला आईशेजारी हिवाळा काढावा लागतो.

तरी सगळा दोष शाळेच्या माथी मारणे सोपे, पण अपुरे आहे. सोव्हिएत उत्तरेत इतरत्र बायका-मुलांना गावात बसवले आणि पुरुषांच्या तुकड्या तेवढ्या कळपामागे गेल्या. तिथे सुट्टीत परतायला चूमच उरला नाही, आणि भाषा झपाट्याने ओसरली. यमालवर खासगी जनावरे मोठ्या संख्येने टिकली, कुटुंबे अखंड फिरत राहिली. म्हणूनच वसतिगृहात वाढलेली कितीतरी मुले आज पुन्हा कळपावर आहेत.

रशियाच्याच याकुतिया प्रजासत्ताकाने 2008 मध्ये फिरत्या शाळांसाठी स्वतंत्र कायदा केला. यमालवरही असे प्रयोग झाले. अडचण जुनीच. उन्हाळ्यात मुक्काम विखुरतात, एका मुक्कामात शाळेच्या वयाची दोन-तीनच मुले असतात आणि वर्षभर चूममध्ये राहायला तयार शिक्षक क्वचित मिळतो. त्यामुळे फिरती शाळा आहे तिथेही बहुतेक प्राथमिक वर्ग तेवढे टुंड्रात होतात. पुढच्या इयत्तांसाठी हेलिकॉप्टर आहेच.