सर्पिल दीर्घिकांतील तारानिर्मितीचा दर

तारानिर्मितीचा दर म्हणजे दीर्घिकेतील (ताऱ्यांच्या आणि वायूच्या अवाढव्य समूहातील) किती वायूचे वर्षाकाठी ताऱ्यांत रूपांतर होते ते सूर्याच्या वस्तुमानाच्या पटीत सांगणारी राशी. आपल्या आकाशगंगेसाठी ती दोनच्या आसपास आहे. ती मोजण्याची सारी भिस्त मात्र मोजक्या महाकाय ताऱ्यांवर असते.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे नव्याने जन्मणाऱ्या शंभरांत जेमतेम एखादा. सूर्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे. वीसपट वस्तुमानाचा तारा कोटीभर वर्षांतच संपतो. एवढ्या काळात तो जन्मस्थानापासून फार दूर जात नाही. म्हणून असे निळे तारे जिथे दिसतात तिथे तारे नुकतेच जन्मले, हे निश्चित. सर्पिल भुजा उठून दिसतात त्याही मुख्यतः त्यांच्यामुळे. भुजांमधल्या जागेतही तारे भरपूर असतात, पण ते जुने आणि मंद.

त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ या दीर्घिकेत हे फार छान पाहता येते. तिच्या भुजेतील एनजीसी ६०४ हा तेजोमेघ विल्यम हर्शेल यांनी १७८४ मध्ये नोंदवला. त्याच्या गाभ्यात दोनशेहून अधिक तप्त तारे आहेत. त्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते पुन्हा जुळताना ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. या तांबड्या प्रकाशावरून अतिनील किरणांचा आणि त्यावरून महाकाय ताऱ्यांचा हिशेब लागतो. धुळीने गिळलेला प्रकाश अवरक्त निरीक्षणांतून भरून काढावा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. उरलेले असंख्य लहान तारे दिसतच नाहीत. ते एडविन सालपीटर यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या किंवा त्यानंतर सुधारलेल्या वस्तुमान-वितरणावरून, म्हणजे कोणत्या वस्तुमानाचे तारे किती प्रमाणात जन्मतात या सूत्रावरून, गृहीत धरले जातात. हे वितरण सगळीकडे सारखेच असते, या गृहीतकावर सगळी आकडेमोड उभी आहे.

तारानिर्मितीचा दर वायूच्या घनतेबरोबर झपाट्याने वाढतो: तो घनतेच्या सुमारे १.४ व्या घाताच्या प्रमाणात असतो, असे रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये दाखवले. हायड्रोजन वायूचे मापन नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने होते, तर २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील दुर्बीण अतिनील प्रकाशात तरुण तारे टिपते.

एम ८३ या दीर्घिकेच्या दूरच्या कडांवर अतिनील प्रकाश आढळला, पण महाकाय ताऱ्यांची खूण असलेला तांबडा प्रकाश त्या मानाने फारच थोडा. तिथे महाकाय तारे जन्मतच नाहीत, की जन्मून विझून गेले, यावर खगोलशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.