पाडव्याला विहिरीत किती हात पाणी?

मिरगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की मी शाळेतली मुलं घेऊन खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या रानात जातो. सोबत एक रिकामा पावडरीचा डबा असतो, दोन्हीकडचा पत्रा कापून नळीसारखा केलेला. ऐनाच्या झाडाखाली पाचोळा हळूच बाजूला सारायचा, डबा चार बोटं मातीत ठोकायचा, पाचोळा परत आत पसरायचा आणि वरून तांब्याभर पाणी ओतायचं. मुलं घड्याळ बघायला लागतात तोवर पाणी गडप झालेलं असतं. मग तोच डबा रस्त्यापलीकडच्या माळावर ठोकायचा. हा माळ गुरांनी वर्षानुवर्षं तुडवलेला आणि दर उन्हाळ्यात आग लागून भाजलेला. तिथे तांब्याभर पाणी डब्यात तसंच उभं राहतं. मुलं कंटाळून करवंदं शोधायला जातात, परत येतात, तरी पाणी आहेच.

पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला, दगडही एकच. फरक आहे तो वरच्या वीतभर मातीचा. जंगल राखायला आणि पाणी अडवायला सरकार आपल्याच कराचा जो पैसा खर्च करतं, त्याचं मोल मला या वीतभर मातीवरूनच करावंसं वाटतं.

आपल्या बेळगाव जिल्ह्याएवढी पावसाची तफावत फार थोड्या जिल्ह्यांत असेल. कणकुंबी, आमगावच्या बाजूला वर्षाला तीन-चार हजार मिलीमीटर पाऊस सहज होतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणी-रायबागात पाच-सहाशे मिलीमीटर झाला तरी लोक समाधान मानतात. कणकुंबीचं शिवार तर ऐन पाणलोटाच्या धारेवर बसलं आहे. तिथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून, कुडलसंगमाला कृष्णेला मिळून, बंगालच्या उपसागराची वाट धरते. त्याच गावालगतचा कळसा नाला मात्र म्हादईत उतरून गोव्यातून अरबी समुद्राला मिळतो. हुबळी-धारवाडच्या नळाला येणारं मलप्रभेचं पाणी आधी खानापूरच्या रानातून आलेलं असतं. बेळगाव शहराला पाणी देणारा राकसकोप जलाशय मार्कंडेयवर आहे आणि त्याला लागून असलेलं तुडये गाव महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे. सीमेचा खांब कुठे रोवलाय हे ओढ्याला कळत नाही.

एवढा पाऊस पडूनही खानापूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिलमध्ये बायकांना घागर घेऊन लांब जावं लागतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण पाहिला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात कोरडे ओढेही पाहिले. पावसाचं पाणी चार महिन्यांत धावून गेलं की उरलेले आठ महिने हाताशी काही राहत नाही. ते धावतं की मुरतं हे ठरतं जमिनीला टेकल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत.

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळताना सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगात असतो, म्हणजे ताशी तीसहून अधिक किलोमीटर. उघड्या मातीवर असा थेंब फुटला की मातीचे बारीक कण उडतात आणि जवळच्या छिद्रांत जाऊन बसतात. लाखो थेंबांनी हेच केलं की वर सारवल्यासारखी एक पातळ, गच्च पापडी तयार होते. मग पाणी आत जायला वाटच राहत नाही. गढूळ लोंढा होऊन ते ओढ्याला मिळतं, आणि जाताना शेताची माती घेऊन जातं.

झाड असलं की थेंब अडतो असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. पानावर पाणी साचून टोकावरून निथळतं तेव्हा तो थेंब आभाळातून आलेल्या थेंबापेक्षाही मोठा असू शकतो, आणि झाड सात-आठ मीटरहून उंच असलं तर खाली येईपर्यंत त्याला जवळजवळ पूर्ण वेग पुन्हा मिळतो. सागाच्या सुपाएवढ्या पानांखाली हे सगळ्यात ठळक दिसतं. खाली झुडूप नाही, पाचोळा जळून गेलेला, अशा सागवनात पावसाळ्यात गेलात तर झाडांची मुळं उघडी पडलेली दिसतील. सागवन सरकारी कागदावर 'जंगल'च असतं. पाण्याच्या हिशेबात मात्र जंगल म्हणजे उंच झाड, त्याखालचं मधलं झाड, त्याखाली करवंद-शिकेकाईची जाळी आणि सगळ्यात खाली पाचोळ्याचा थर. मला विचाराल तर यातला शेवटचा थर सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच कुणी मोजत नाही. या पाचोळ्यावर गांडुळं, वाळवी आणि बुरशी जगतात. त्यांनी केलेली बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या नळ्या यांतूनच पाणी खोल उतरतं.

खाली उतरल्यावर त्याला जागा देतो आपला जांभा. बेळगाव-खानापूर पट्ट्यातला हा लाल दगड स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि त्याच्या तळाशी बहुधा चिकण मातीचा थर असतो. जांभ्यातून उतरलेलं पाणी त्या मातीवर अडतं आणि आडवं सरकत सरकत डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. बेळगावच्या जुन्या विहिरींना पाणी देतो तो हाच जांभा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आणि त्याला जमलेल्या हजारो माणसांना पाणी हवं होतं. ती विहीर आजही आहे.

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर ते दहा हजार लिटर पाणी होतं. रोजगार हमीतून, आपल्याकडच्या बोलीत उद्योग खात्रीतून, माळावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे चर, खोदतात. अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल आणि शंभर मीटर लांब चर तुडुंब भरला तर त्यात २५ हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे एका हेक्टरवरचा जेमतेम अडीच मिलीमीटर पाऊस. आता मीटरभर खोल, भुसभुशीत माती असलेलं हेक्टरभर रान घ्या. त्या मातीच्या एकूण आकारमानाच्या दहा टक्के पोकळीत जरी पाणी शिरलं तरी दहा लाख लिटर झालं, चराच्या चाळीसपट. २०२२ साली सुरू झालेल्या अमृत सरोवर योजनेतल्या एकरभर तळ्याची क्षमता साधारण दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर धरली आहे. एवढं पाणी दहा हेक्टर चांगली माती न बोलता धरून ठेवते. वर तळ्यातलं पाणी एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाच-सहा मिलीमीटर उडून जातं, म्हणजे एकरभर तळ्यातून रोज वीस-पंचवीस हजार लिटर. जमिनीत खोल गेलेल्या पाण्याला एवढं ऊन लागत नाही.

म्हणून चर आणि तळी नकोत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. चर एकदाच भरत नाही. पावसागणिक भरतो, मुरतो आणि पुन्हा भरतो. भाजलेल्या माळावर मातीला पुन्हा जीव धरेपर्यंत पाण्याला थोपवणारं दुसरं कुणी नसतं. चराच्या मातीवर आधी गवत येतं, मग झुडूप येतं. दहा-बारा वर्षांनी चर बुजून गेला आणि त्याच्या जागी रान उभं राहिलं, तर तो पैसा वसूल झाला.

झाडं पाणी पितात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे हवेत जातं, आणि भराभर वाढणारी झाडं जास्त पितात. त्यामुळे लागवड केली की विहिरी भरतात असा सरळ नियम नाही. जमिनीत जास्तीचं मुरलेलं पाणी झाडांनी जास्तीच्या प्यालेल्या पाण्यापेक्षा अधिक असेल, तरच ओढा उन्हाळ्यात वाहतो. शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये सह्याद्रीच्या ओढ्यांचा असा अभ्यास झाला आहे, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैसर्गिक रान, उजाड झालेलं रान आणि अकेशिया या भराभर वाढणाऱ्या परदेशी झाडाची लागवड अशा तीन तऱ्हांच्या जमिनींची त्यात तुलना केली. उजाड जमिनीवरून पाणी सर्वाधिक वाहून गेलं, नैसर्गिक रानातून सर्वांत कमी. अकेशिया या दोहोंच्या मध्ये राहिला. उजाड माळापेक्षा अकेशिया बरा, पण तो रानाची जागा घेऊ शकत नाही.

आता पैशाकडे येतो. धरण, रस्ता, खाण यांसाठी जंगल गेलं की भरपाईची रक्कम सरकारात जमा होते. त्यासाठी २०१६ साली भरपाई वनीकरण निधीचा कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने साठलेले ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांकडे दिले. पैशाचा दुसरा मोठा झरा २००५ च्या रोजगार हमी कायद्याचा. त्यात मजुरीचा वाटा किमान साठ टक्के राखायचा होता, म्हणून मातीकाम त्याला सोयीचं पडलं. दोन्हींत काम मोजायची पद्धत मात्र एकच होती, किती खड्डे, किती रोपं, किती घनमीटर खोदाई, किती मनुष्यदिवस. माझ्या ओळखीच्या एका गावात माळावर रोपं लावली. पहिल्या पावसाळ्यात फोटो झाले, बिल निघालं आणि दुसऱ्या मार्चमध्ये वणव्याने सगळं खाल्लं. वणवा राखायला माणूस ठेवायचे पैसेच त्या कामात धरलेले नव्हते. खालच्या ओढ्यावरचा बंधारा वरून आलेल्या राख-मातीने तीन पावसांत भरला, आता त्यावर गुरं चरतात. त्या मजुरांनी खपून काम केलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच ते वाया गेल्याचं दुःख जास्त होतं.

उलट खानापूर तालुक्यातल्या भीमगडकडच्या रानात फारसं खोदकाम करावं लागत नाही. २०११ साली अभयारण्य झालेल्या या १९० चौरस किलोमीटरच्या रानात राखण हेच पाण्याचं काम आहे. जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे, वेळेवर काढणं, फेब्रुवारी ते मे पहारेकरी ठेवणं, त्यांचा पगार वेळच्या वेळी देणं. फोटोत दाखवण्यासारखं यात काही नसतं. आतल्या गावांतले लोक गोठ्यात अंथरायला पाचोळा नेतात, त्यांच्याशी भांडूनही भागणार नाही. कुठल्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावरून, न्यायचा आणि झऱ्याच्या माथ्यावरचा ठेवायचा, एवढं त्यांच्याशी बसून ठरवता येतं. झरा कुठे आहे हे वनखात्यापेक्षा त्यांनाच नीट ठाऊक असतं.

प्रत्येक कामाच्या जागी एक फलक असतो. कामाचं नाव, मंजूर रक्कम, मनुष्यदिवस. मी आमच्या पीडीओंना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, सुचवलंय की खाली आणखी एक ओळ ठेवा आणि ती दर वर्षी रंगवा, 'पाडव्याला खालच्या विहिरीत इतके हात पाणी.' त्याला खर्च रंगाच्या एका डबीचा. तोवर आमच्या विहिरीच्या आतल्या दगडांवर मीच पांढऱ्या रंगाने खुणा करतोय. वरची दसऱ्याची, मग संक्रांतीची, आणि सगळ्यात खाली, वाकून दोर सोडल्याशिवाय न दिसणारी, पाडव्याची.