'काही करत नाही तो' आणि माझी पोटरी

उपवन तलावाला पहाटे पळायला येणाऱ्या कुणालाही विचारा, ठाण्यातलं सगळ्यात खोटं वाक्य कुठलं, उत्तर येईल "घाबरू नका हो, काही करत नाही तो". हे वाक्य वीसेक फूट लांबून येतं, बोलणाऱ्याच्या एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला जो असायला हवा तो आपल्या पोटरीपाशी.

माझा वाला ब्रूनो नावाचा एक लॅब्राडोर आहे. आधी नुसता भुंकायचा, मग चार पावलं मागे यायला लागला, आता पार पुढच्या खांबापर्यंत सोडायला येतो. मी मालकाला मनातल्या मनात शिव्या घालायचो, पण थोडं वाचल्यावर कळलं की अर्धं ट्रेनिंग मीच दिलंय त्याला, तेही फुकट!

त्याच्या बाजूने बघा ना. "एक घामट माणूस धावत अंगावर येतोय, मी भुंकलो, तो पळून गेला." मी तसाही पुढेच जाणार होतो हे त्याला काय माहीत, त्याच्या हिशोबात भुंकणं रोज शंभर टक्के लागू पडतं. नकोशी गोष्ट निघून गेली की ज्या कृतीमुळे ती गेली असं वाटतं ती कृती पक्की होते, मानसशास्त्रात याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात (लोक याला शिक्षा समजतात, पण ते साफ उलटं आहे). पोस्टमनवर कुत्री भुंकतात तेही यामुळेच, तो बिचारा रोज येतो आणि रोज जातो.

दुसरी भानगड लांडग्याकडून आलेली. लांडग्याच्या शिकारीचे टप्पे असतात, नजर लावणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडणं, मारणं. माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून पैदास करताना यातले काही टप्पे वाढवले, काही दाबले. बॉर्डर कॉलीत नजर आणि पाठलाग ठेवला, चावा दाबला, म्हणून तो मेंढ्या हाकतो. पण पाठलागाचा तुकडा बहुतेक कुत्र्यांत थोडाफार शिल्लक असतोच आणि हलणारी वस्तू दिसली की बटण दाबलं जातं. शिवाय पाठलागात स्वतःचीच मजा असते, वेगळं बिस्कीट लागत नाही. अशा वेळी मागून त्याचे मालक काका "ब्रूनो कम, ब्रूनो कम" दहा वेळा ओरडतात, त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही, आणि शेवटी तो परत आला की पाठीत धपाटा. म्हणजे शिकवलं काय, तर परत आलं की मार बसतो!

मुळात गडबड लहानपणीच होते. पिल्लाचं वय साधारण 3 आठवड्यांपासून 12-14 आठवड्यांपर्यंतचं, त्या काळात जे जे बघेल ते त्याला नॉर्मल वाटतं, स्कॉट आणि फुलर या कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी 1965 साली हे सविस्तर मांडलं. आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू घोडबंदरच्या एकविसाव्या मजल्यावर कोंडलेलं असतं, खाली उतरतं तेव्हा धावणारा माणूस म्हणजे त्याला भलतंच काहीतरी वाटतं. खरं तर जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रस्ता दाखवता येतो.

शेपटी हलते म्हणून निर्धास्त राहू नका. 2007 साली इटलीतल्या संशोधकांना दिसलं की मालक दिसला की शेपटी उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. अर्थात पळताना डावं-उजवं कोण मोजतंय.

वेगात जिंकायचा प्रश्नच नाही, धावपटू उसेन बोल्टचा टॉप स्पीड ताशी 44 किलोमीटर, ग्रेहाउंड जातीचा कुत्रा त्याच्या कितीतरी पुढे, आणि मी दहाने धापा टाकतो. म्हणून मी आता वळणाच्या आधीच चालायला लागतो, हात अंगाशी, थोडा तिरका, नजरेला नजर नाही. दोन आठवड्यांत ब्रूनोला माझा कंटाळा आला.

आणि दात किंवा नख लागलंच तर पाळीव आहे म्हणून सोडून देऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायचं, रेबीजच्या विषाणूचं वरचं आवरण चरबीचं असतं, साबण ते फोडतो. हळद-चुना काही नको, धुऊन थेट डॉक्टर, त्याच दिवशी.

परवा काकांना म्हटलं, खिशात बिस्कीट ठेवा, हाक मारल्यावर आला की द्या. तर म्हणाले, "छे हो, वजन वाढलंय त्याचं, डॉक्टरांनी रोज पळवायला सांगितलंय."