खाट मोजली, खोली मोजायची राहिली: खानदेशातल्या रुग्णालयांच्या सामानाची पार्श्वभूमी

रुग्णालयाची नवी इमारत आधी पूर्ण होते, तिला रंग लागतो आणि मग सामानाचा ट्रक येतो. चुका त्या दिवशी दिसायला लागतात. खाट दारातून तिरकी करून आत न्यावी लागते. वॉर्डातला प्लग नेमका लॉकरच्या मागे जातो. बेसिन अशा कोपऱ्यात असतं की खाटा मांडल्यावर तिथे हात धुवायला कोणी पोचत नाही. प्रसूतीचं टेबल खोलीत मावतं, पण त्याच्या पायथ्याशी डॉक्टरला बसायला जागा उरत नाही. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, कुठेही हे घडू शकतं आणि त्यात एकट्या माणसाची चूक शोधून फारसं हाती लागत नाही. रुग्णालयाचं सामान ठरवायची आपली पद्धत ज्या क्रमाने घडली, त्या क्रमातच हे अडकलं आहे.

या सामानाचे तीन प्रकार. पहिलं सुटं: खाट, लॉकर, सलाईन स्टँड, बाक. दुसरं इमारतीला पक्कं बसणारं: बेसिन, खाटेच्या डोक्याकडचं ऑक्सिजन पॅनेल, पडद्याचे रूळ, शस्त्रक्रियागृहात छताला टांगलेला दिवा. तिसरं यंत्रं: वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, व्हेंटिलेटर, लसी थंड ठेवणारा फ्रीज म्हणजे आयएलआर. सुटं सामान कधीही आणता येतं. पक्क्याची जागा प्लास्टरच्या आधी ठरावी लागते आणि जड यंत्रांची तर पाया खोदतानाच. सगळ्यात जास्त घोळ मधल्या प्रकारात होतो, कारण तो बांधकामवाल्यांचा की आरोग्य खात्याचा हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत यासाठी गट पाडतात: पहिल्या गटातलं ठेकेदाराने आणायचं आणि बसवायचं, दुसऱ्यातलं रुग्णालयाने विकत घ्यायचं पण ठेकेदाराने बसवायचं, तिसऱ्यातलं रुग्णालयानेच आणून ठेवायचं. साधी युक्ती आहे, पण निविदेत एवढा एक रकाना असला तरी निम्मे वाद मिटतात.

बाजेपासून फाउलरपर्यंत

आपल्याकडे आजारी माणसाची जागा म्हणजे बाज. लाकडी चौकट, त्यावर सुंभाची किंवा नवारीची वीण. बाळंतिणीची बाज वेगळी, तिच्याखाली शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी. बाज हलकी असते, अंगणात नेता येते, उन्हात टाकता येते, सैल पडली तर घरीच आवळता येते. घरापुरती ती उत्तम. पण वीसजण एका छताखाली निजवायचे म्हटलं की तिचे दोष समोर येतात: लाकडाच्या सांध्यात ढेकूण, आणि सुंभावर रक्त सांडलं तर ते धुऊन निघत नाही.

क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयाच्या रचनेचा जो आग्रह धरला, त्यात लोखंडी खाट होती, समोरासमोरच्या खिडक्या होत्या आणि एका परिचारिकेच्या नजरेत मावेल असा साधारण ३० खाटांचा लांबट वॉर्ड होता. आपल्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांचे उंच छताचे लांब वॉर्ड त्याच विचारातले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव आणि धुळे अशी दोन मुख्यालयं झाली आणि सरकारी आरोग्यव्यवस्थाही त्या दोन गावांभोवती वाढत गेली. नंदुरबार जिल्हा वेगळा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला, म्हणजे तिथल्या जिल्हा पातळीच्या सोयी जवळजवळ शतकभर मागे राहिल्या.

खाटेला सांधे आले ते अमेरिकेत. विलिस गॅच या शल्यचिकित्सकाने १९०९ मध्ये पाठ आणि गुडघे वर उचलता येतील अशी खाट पुढे आणली. नाव मात्र रुजलं ते त्याआधीच्या जॉर्ज फाउलर यांचं; पोटात पू झालेल्या रुग्णाला अर्धवट बसतं ठेवावं हा त्यांचा आग्रह. आज आपल्या पुरवठादारांच्या भाषेत एक हँडल आणि फक्त पाठ उचलणारी ती सेमी-फाउलर, दोन हँडलांची ती फाउलर. हे हँडल पायथ्याशी बाहेर येतं, म्हणून तिथे फूटभर जागा जास्त धरावी लागते. ती धरली नाही की येणारी-जाणारी ट्रॉली हँडलला धडकते, ते वाकतं आणि महिन्याभरात खाट एकाच कोनात अडकून बसते. आटे असलेल्या दांड्याला दर तीन महिन्यांनी ग्रीस लागतं. खानदेशातल्या उन्हाळी धुळीत ते लवकर सुकतं.

१९६० च्या दशकात लंडनमध्ये किंग्ज फंड या संस्थेने ब्रूस आर्चर यांच्या पथकाकडून एक प्रमाणित खाट तयार करून घेतली. त्यामागचं कारण आपल्याला लगेच पटेल: प्रत्येक रुग्णालय आपल्या मर्जीची खाट मागवत होतं, त्यामुळे गादी, चाक, सुटे भाग यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. एकाच वॉर्डात तीन खरेद्यांच्या तीन उंचीच्या खाटा असल्या की स्ट्रेचरवरून रुग्ण सरकवताना परिचारिकेची कंबर जाते, हे आजही खरं आहे.

खाट हे एकक कसं झालं

नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणारी समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा दर हजार माणसांमागे ०.२४ खाटा होत्या. इतकी टंचाई असताना खाटा मोजणं हेच योग्य होतं. पण तेच एकक पुढे कायमचं झालं. प्राथमिक आरोग्य केंद्र ६ खाटांचं, ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं. पदं खाटांवरून, निधी खाटांवरून आणि सामानाची यादीही खाटांवरून: तीस खाटा, तीस गाद्या, तीस लॉकर, तीस स्टूल. या गुणाकारात खाटेला न चिकटलेल्या गोष्टी निसटतात. घाण कपड्यांची खोली, ट्रॉली उभी करायची जागा, ऑक्सिजन सिलिंडरची साखळी, बेडपॅन धुवायचं सिंक.

२००७ मध्ये आलेल्या आणि २०१२ व २०२२ मध्ये सुधारलेल्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनी खोलीचा विचार बराच पुढे नेला. त्यातलं एक माप पाठ असावं असं आहे: दोन खाटांच्या मध्यांत किमान २.२५ मीटर. खाट ९० सेंटिमीटर रुंद धरली तर दोन खाटांत १.३५ मीटर उरतात. ४० सेंटिमीटरचा लॉकर वजा केला तर ९५. यातून स्ट्रेचर ट्रॉली आत येते. आता पावसाळ्यात साथ आली आणि खाटा सरकवून मध्यांमधलं अंतर १.५ मीटरवर आणलं, तर लॉकर धरून उरतात २० सेंटिमीटर. परिचारिका आडवी होऊनच आत शिरणार. वॉर्डाचं दार किमान १.२ मीटर सांगितलं आहे, पण चौकट आणि पूर्ण न उघडणारी झडप धरली तर मोकळं माप मीटरभरच राहतं. बाजूच्या दांड्यांसह खाटही तेवढीच. दीड मीटरचं दुहेरी दार लावणं शहाणपणाचं.

आणि नातेवाईक! खाटेमागे एक माणूस मुक्कामाला असतोच. जळगावची प्लॅस्टिकची चटई देशभर जाते. आपल्या वॉर्डांत ती खाटेखाली नाहीतर व्हरांड्यात अंथरलेली असते. यादीत या माणसाची नोंद नसते, म्हणून त्याची पिशवी लॉकरवर, डबा खिडकीत आणि ओला टॉवेल सलाईन स्टँडवर जातो. भिंतीला दोन खुंट्या आणि खाटेमागे एक खोकेवजा बाक एवढं धरलं तरी वॉर्ड धुता येतो. हा खर्च कापू नये.

वीज, वायू, पाणी

पन्नास वर्षांपूर्वी वॉर्डातल्या खाटेला एक प्लग पुरत असे. आज आयसीयूतल्या एका खाटेला दहा-बारा लागतात: व्हेंटिलेटर, मॉनिटर, दोन-तीन सिरिंज पंप, सक्शन, गादीतला हवेचा पंप. ते भिंतीत नसले की एक्स्टेन्शन बोर्ड येतात. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातल्या आगीत १० बाळं दगावली आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची व विजेची तपासणी सुरू झाली. प्लगची संख्या हा तेव्हापासून बारीक तपशील राहिलेला नाही.

ऑक्सिजनचं गणित कोविडने सगळ्यांना शिकवलं. एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या २० खाटा दिवसाला २,८८,००० लिटर खातात, म्हणजे ४१ जम्बो. नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या, मिनिटाला ६० लिटर लागणाऱ्या हाय-फ्लो यंत्रावर एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. नंदुरबारने तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात दुसऱ्या लाटेच्या आधीच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पीएसए प्लांट उभे केले. मिनिटाला १,००० लिटरचा प्लांट दिवसाला दोनशे जम्बोंचं काम करतो. पण प्लांट आला म्हणून जुनी तांब्याची पाइपलाइन मोठी होत नाही. ती आठ-दहा खाटांच्या वापरावर आखलेली असेल तर शेवटच्या खाटेपाशी दाब पडतो, आणि पॅनेल बसवल्यावर पाइप बदलायचा म्हणजे भिंत फोडायची. शिवाय भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या बंद शेडमध्ये कॉम्प्रेसर तापतो, हवेतला ओलावा नीट निघत नाही आणि प्लांटमधलं नायट्रोजन शोषणारं झिओलाइट खराब होतं. शेडला आरपार वारा हवा.

उन्हाइतकंच इथलं पाणी. बोअरचं जड पाणी थेट ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की हीटरवर क्षार चढतो, १२१ अंश गाठायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. ऑटोक्लेव्हशेजारी मऊ पाण्याची सोय ही यंत्राच्याच यादीत धरायची गोष्ट आहे. आयएलआर भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर, स्वतंत्र प्लगवर, स्टॅबिलायझरसह. एक्स-रे खोलीला ९ इंची विटेची भिंत आणि शिसं घातलेलं दार लागतं; अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय यंत्र चालवता येत नाही, म्हणून खोलीचा नकाशा यंत्राच्या मागणीआधी तयार हवा. सोनोग्राफीचं यंत्र गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखालच्या नोंदणीत जागेसह लिहिलेलं असतं. खोली लहान पडली म्हणून ते परस्पर दुसऱ्या इमारतीत हलवता येत नाही.

सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, निवडीचा निकषच बदलतो. विजेवर वर-खाली होणारी खाट तिथे नको. वीज गेली, मोटार बिघडली, तर घाट चढून तंत्रज्ञ येईपर्यंत ती तशीच पडून राहते. हाताच्या हँडलची खाट गावातला वेल्डरही दुरुस्त करतो. नर्मदेच्या पाण्यावरच्या तरंगत्या दवाखान्यात तर कपाट बोल्टने जखडावं लागतं, फळीला पुढे पट्टी लागते आणि सलाईन चाकाच्या स्टँडऐवजी छताच्या हुकाला.

खरेदी कोणाकडे, नोंद कुठे

इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची, यंत्रं आरोग्य खात्याची, ही वाटणी जुनी. राज्याची औषध-यंत्र खरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, पुढे २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. एकत्र खरेदीने दर उतरतो, पण तांत्रिक तपशील वर ठरतो आणि खोली खाली असते. थ्री-फेज यंत्र आणि सिंगल-फेज खोली अशी गाठ त्यातूनच पडते.

जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाशी जोडलं जातं तेव्हा सामान एका खात्याचं आणि वापर दुसऱ्या खात्याचा असा पेच येतो. जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) वस्तू कोणाच्या नावावर हे हस्तांतरणाच्या दिवशीच मिटवावं लागतं. तसंच निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढणं. मोडक्या खाटा निर्लेखित झाल्याशिवाय विकता येत नाहीत, त्या व्हरांड्यात रचल्या जातात आणि नकाशातली मोकळी जागा नकाशातच राहते. नवी खरेदी आणि जुन्याचं निर्लेखन एकाच प्रस्तावात मांडलेलं बरं.

आता काही ठिकाणी खोलीनिहाय तक्ता करतात. एका खोलीला एक पान: वस्तू, नग, माप, वजन, फेज, पाणी आणि निचरा, कोण आणणार, कोण बसवणार, कोणत्या टप्प्यावर. तक्ता झाल्यावर जोत्यावर खडूने खाटा, लॉकर, दारांच्या झडपा आखायच्या आणि खरी स्ट्रेचर ट्रॉली सलाईन स्टँडसह दारापासून शेवटच्या खाटेपर्यंत नेऊन परत वळवायची. परिचारिकेला त्या वेळी सोबत बोलवावं. बेसिन कुठे हवं ते ती दोन मिनिटांत दाखवते.